पत्ता, शाळा आणि विकत घेतलेले घर

दलित आत्मकथनांवर आजवर जी समीक्षा झाली तिने दोन स्थळांकडे पुष्कळ लक्ष दिले आहे. एक वस्ती आणि दुसरे शाळा. वस्ती म्हणजे भुकेचे, शिवीगाळीचे आणि तरीही आपलेपणाचे ठिकाण. शाळा म्हणजे अपमानाचे आणि त्याच वेळी सुटकेचे ठिकाण, अशी मांडणी रूढ झाली आहे. ती चुकीची नाही. पण तीतून एक गोष्ट निसटते. कोणाला कोठे राहू दिले जाते यावरून त्याचे मूल कोणत्या शाळेत बसेल हे ठरते, आणि शाळेमुळे ज्याच्या हाती चार पैसे आले तो माणूस आधी घर बदलू पाहतो. या दोहोंमधला व्यवहार, म्हणजे मुलांच्या शाळेसाठी जागा शोधणे, भाड्याने घेणे, कर्ज काढून विकत घेणे, हा शिकलेल्या दलित कुटुंबाच्या आयुष्यातला बहुधा सर्वांत मोठा निर्णय आहे. त्याला आपल्या साहित्यात किती जागा मिळाली, हा या लेखाचा प्रश्न आहे.

गावगाड्यात हा प्रश्न उद्भवतच नव्हता. महारवाडा, मांगवाडा गावकुसाबाहेर. शाळा गावात, पुष्कळदा देवळात किंवा चावडीत. ज्याला देवळाची पायरी बंद त्याला तिथे भरणारी शाळाही बंद, किंवा फार तर बाहेर बसून ऐकण्यापुरती उघडी. घर निवडण्याची मुभाच नव्हती. पत्ता जन्माने मिळत होता. आणि ज्यांना तोही नव्हता त्यांचे काय? लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त (१९८०) गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणारा कैकाडी बाप पोराला शाळेत घालण्याचा ध्यास घेतो; पण बिऱ्हाड हलले की शाळा सुटते. या पुस्तकातील भटकेपणाचे वर्णन समीक्षकांनी वाखाणले. परंतु तिथे शाळा हे एका जागी थांबण्याचे पहिले कारण म्हणून येते, हे फारसे कोणी नोंदवले नाही. या बापाला घर हवे आहे ते डोक्यावर छप्पर हवे म्हणून नव्हे, पोराची हजेरी लागावी म्हणून.

चळवळीने या अडचणीवर जे उत्तर शोधले ते वसतिगृहाचे. शाहू महाराजांच्या काळात, १९०८ साली, कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले. वसतिगृह म्हणजे पत्त्याच्या जाचातून सोडवलेली शाळा. ज्या गावात जागा मिळत नाही त्या गावात राहण्याची ती सामूहिक सोय होती. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) मुंबईचा कावाखाना आणि संगमनेरचे बोर्डिंग यांच्यातील अंतर पाहा. कावाखान्यात आप्तांचा गोतावळा आहे आणि अभ्यासाला कोपरा नाही. बोर्डिंगात अन्नाची ओढाताण असली तरी माणूस 'विद्यार्थी' म्हणून ओळखला जातो. आपल्या पहिल्या पिढीचे लेखन या वसतिगृहांनी घडवले आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

बाबासाहेबांच्या चरित्रातला परळचा भाग याच संदर्भात वाचण्यासारखा आहे. सुभेदार रामजी मुलांना घेऊन मुंबईत आले ते डबक चाळीतल्या एका खोलीत. मुलगा एल्फिन्स्टन हायस्कुलात, आणि खोली एकच. बाप मुलाला लवकर निजवी आणि मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास उठवी, कारण तेवढाच वेळ त्या खोलीला शांतता मिळे. पुढे १९३० च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' उभे राहिले ते ग्रंथांना जागा हवी म्हणून. एका खोलीतल्या त्या मध्यरात्रीपासून राजगृहापर्यंतचे अंतर पुतळ्यांच्या आणि जयंत्यांच्या वर्णनात हरवून जाते. अभ्यासासाठी घर, ही या देशातल्या अस्पृश्य माणसाने केलेली केवढी मोठी मागणी होती!

यानंतरची पायरी मात्र आपल्या लेखनात पुसट होते. नरेंद्र जाधवांच्या 'आमचा बाप आन् आम्ही'मध्ये (१९९३) वडाळ्याच्या पोर्ट ट्रस्टच्या वस्तीत राहून शिकणारी भावंडे भेटतात. अनेक आत्मकथनांत चाळ, क्वार्टर, भाड्याची खोली यांचे बारीक तपशील मिळतात. पण नायकाला नोकरी लागली, पगार सुरू झाला, की पुढचे वाक्य बहुधा असे असते : नंतर आम्ही अमुक ठिकाणी ब्लॉक घेतला. तो ब्लॉक तिथेच का घेतला? कोणत्या शाळेकडे पाहून? विकणाऱ्याने आडनाव विचारले तेव्हा नवराबायकोने एकमेकांकडे कसे पाहिले? वस्तीतल्या भावाला हे कसे सांगितले? याविषयी मौन आहे. भुकेबद्दल निःसंकोच बोलणारे आपले लेखक गृहकर्जाबद्दल मात्र संकोचतात.

या मौनाची तुलना करण्यासाठी एक नाटक घेतो. म. ना. वानखेडे अमेरिकेतून शिकून आले आणि त्यांनी कृष्णवर्णीय साहित्याकडे मराठी दलित लेखकांचे लक्ष वेधले. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने तर तिकडच्या ब्लॅक पँथरवरून आपले नावच घेतले. त्या काळापासून राइट, बाल्डविन यांची नावे आपल्या लेखांतून येत असतात. लॉरेन हॅन्सबेरी या लेखिकेचे 'अ रेझिन इन द सन' हे नाटक (१९५९) त्या मानाने कमी चर्चिले गेले. याचे कारण मला असे वाटते की त्यात विद्रोहाची ओळखीची भाषा नाही. त्यात आहे तो घरखरेदीचा हिशोब.

शिकागोच्या दक्षिण भागात एका जुन्या, कोंदट जागेत यंगर कुटुंब राहते. संडास-बाथरूम मजल्यावरच्या शेजाऱ्यांबरोबर सामाईक. नातू ट्रॅव्हिस बैठकीच्या खोलीतल्या कोचावर झोपतो. आजोबा वारले आहेत आणि त्यांच्या विम्याचे १०,००० डॉलर येणार आहेत. नाटक सुरू होऊन थोडा वेळ झाला नाही तोच ट्रॅव्हिस शाळेत न्यायला ५० सेंट मागतो. आई नाही म्हणते, आणि बाप, खिशात नसलेला मोठेपणा दाखवून, मागितल्याच्या दुप्पट देतो. पुढच्या साऱ्या नाट्याचे बीज या लहानशा प्रसंगात आहे. त्या १०,००० पैकी ३,५०० डॉलर आजी एका घराचा पहिला हप्ता म्हणून भरते. उरलेले मुलाच्या हाती देताना बजावते की यातले ३,००० बहिणीच्या डॉक्टरकीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेव. तो ते ठेवत नाही. सगळी रक्कम धंद्यात घालतो आणि भागीदार ती घेऊन पळतो. घर वाचले, शिक्षण बुडाले. एकाच मेलेल्या माणसाच्या घामाच्या पैशातून घर आणि शाळा या दोन्ही गोष्टी निघायच्या असतात आणि त्या दोन्ही पुरत्या निघत नाहीत, हे वास्तव हॅन्सबेरीने आकड्यांत मांडले आहे. आपल्याकडे प्रॉव्हिडंट फंडातून ब्लॉकचा पहिला हप्ता भरून मुलीच्या कॉलेजची फी पुढच्या वर्षावर ढकलणाऱ्या कुटुंबाला हे नाटक समजावून सांगावे लागणार नाही.

आजी घर घेते ते क्लायबोर्न पार्क या गोऱ्यांच्या वस्तीत. तिला गोऱ्यांच्या शेजाराची हौस नाही. कृष्णवर्णीयांसाठी दूरवर बांधलेली घरे दुप्पट किमतीची आहेत, असे ती सांगते. कमीत कमी पैशांत घरच्यांसाठी चांगली जागा तिने पाहिली, इतकेच. घर घेतल्याची बातमी ती सर्वांआधी सांगते नातवाला : तू मोठा झालास की हे तुझे. मग त्या वस्तीच्या संघटनेचा एक सभ्य, मृदुभाषी प्रतिनिधी येतो आणि घर परत विकत घेण्याचा प्रस्ताव ठेवतो. तो एकही अपशब्द वापरत नाही. प्रत्येकाने आपापल्या लोकांत राहिलेले बरे, असे तो पोटतिडकीने सांगतो. अखेरीस पैसे गमावलेला मुलगा तो प्रस्ताव स्वीकारायला तयार होतो, तेव्हा आजी एकच अट घालते. जे बोलायचे ते ट्रॅव्हिससमोर बोल. आणि पोरासमोर त्याच्या तोंडून नकार निघतो. नाटकात नव्या वस्तीतल्या शाळेचे वर्णन कोठेही नाही. पण निर्णयाच्या केंद्रस्थानी शाळकरी मूल आहे आणि शेवटी साक्षीदारही तेच आहे.

हा प्रसंग हॅन्सबेरीला कल्पनेतून शोधावा लागला नाही. तिच्या वडिलांनी १९३७ साली शिकागोत अशाच ठिकाणी घर घेतले. तिथल्या मालकांनी आपसांत करार केले होते की कृष्णवर्णीयांना जागा द्यायची नाही. जमावाने घरावर दगडविटा फेकल्या. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला; १९४० साली निकाल कुटुंबाच्या बाजूने लागला, पण तांत्रिक मुद्द्यावर. असले करार न्यायालये अमलात आणणार नाहीत, हे स्पष्ट व्हायला १९४८ साल उजाडावे लागले.

आणि करार गेले तरी शाळेची भिंत राहिलीच. वर्णभेदाच्या शाळा घटनाबाह्य ठरल्या १९५४ साली. परंतु मूल ज्या भागात राहते त्या भागातल्या शाळेत जाईल, या निरुपद्रवी दिसणाऱ्या नियमाने त्या पुन्हा उभ्या केल्या. शिकागोत कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या शाळा इतक्या भरल्या की काही ठिकाणी दोन पाळ्यांत वर्ग भरत. मुलांना गोऱ्यांच्या शाळांतील मोकळ्या वर्गांत बसवण्याऐवजी शिक्षणप्रमुख बेंजामिन विलिस यांनी पटांगणात फिरते वर्ग आणून ठेवले. लोकांनी त्यांना 'विलिसच्या गाड्या' म्हटले. २२ ऑक्टोबर १९६३ रोजी दोन लाखांवर मुले शाळेत गेली नाहीत. तो बहिष्कार इतिहासात नोंदला गेला. १९७४ साली डेट्रॉइटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगून टाकले की उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचे सिद्ध झाल्याविना शहरातली मुले त्यांच्या शाळांत पाठवता येणार नाहीत. म्हणजे ज्याने उपनगरात घर घेतले त्याने शाळाही विकत घेतली. सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी बॉस्टनच्या उपनगरांत, शाळांच्या हद्दीच्या या बाजूची आणि त्या बाजूची घरे तुलनेला घेऊन १९९९ साली दाखवले की परीक्षेचे सरासरी गुण पाच टक्क्यांनी अधिक असलेल्या शाळेसाठी पालक घराला सुमारे अडीच टक्के जास्त किंमत मोजतात. रस्त्याच्या दोन बाजूंची घरे एकसारखी; फरक फक्त शाळेचा.

ज्याला ती किंमत परवडत नाही त्याने काय करावे? ओहायो राज्यातील ॲक्रन येथे २०११ साली एका कृष्णवर्णीय आईला तुरुंगात जावे लागले. तिचा गुन्हा हा की मुलींना चांगल्या शाळेत घालण्यासाठी तिने स्वतःचा पत्ता न देता आपल्या वडिलांचा पत्ता दिला. बापाचे घर लेकीचे नाही, असे राज्याने ठरवले. पुढे राज्यपालांनी गुन्ह्याची तीव्रता कमी केली. पण तिने चोरले काय होते? पत्ता.

पत्ता चोरणे म्हटले की मराठी वाचकाला बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) आठवेल. परगावी नोकरीसाठी गेलेल्या तरुणाला खोली मिळवताना जे लपवावे लागते त्याची ती कथा. आपण ती जातीच्या दाहकतेची कथा म्हणून शिकवतो, आणि ती आहेच. तरीही ती जागा मिळवण्याची कथा आहे, हे वर्गात सांगावे लागते. अजूनही फार काही बदलले नाही : सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात केलेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सवर्ण नावाच्या भाडेकरूला जो होकार सहज मिळतो तो दलित आणि मुस्लिम नावांना मिळत नाही, असे आढळले. विकत घेणाऱ्याची स्थिती काहीशी बरी असते, कारण पैसा जात झाकतो. परंतु पूर्ण झाकत नाही. अमेरिकेत १९४८ साली जे करार निष्प्रभ झाले त्यांच्या जातीचा नियम आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात वैध ठरवला. सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याचा संस्थेचा अधिकार त्याने मान्य केला. पारशी समाज लहान आहे, त्याची चिंता समजू शकते. पण तोच न्याय मोठ्या जातींच्या सोसायट्यांना लावला तर आपल्या शहरांचे काय होईल, हा विचार न्यायालयाबाहेर तरी झाला पाहिजे होता.

शाळेच्या बाजूने पाहावे तर आपल्याकडे घराचा पत्ता आणि सरकारी शाळा यांची अमेरिकेसारखी करकचून गाठ नाही. कोठारी आयोगाने १९६६ साली शेजारच्या समान शाळेचे तत्त्व मांडले : श्रीमंत-गरीब, सवर्ण-दलित सगळी मुले परिसरातल्या एकाच शाळेत. ते अमलात आले नाही. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी खाजगी शाळा काढल्या आणि मग त्या शाळांभोवती घरे वाढली. बिल्डरच्या जाहिरातीत स्टेशन, बाजार आणि नामांकित शाळा या तिन्हींचे अंतर मिनिटांत मोजून दिलेले असते. 'नामांकित' हा शब्द वाचकाने सावकाश वाचावा. 'चांगल्या लोकांची वस्ती' असे आता छापत नाहीत. त्याऐवजी चांगली शाळा छापतात.

शिक्षणहक्क कायद्याने (२००९) खाजगी शाळांत वंचित व दुर्बल घटकांसाठी २५ टक्के जागा ठेवल्या, त्याही परिसरातल्या मुलांसाठी. महाराष्ट्रात शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील घराला प्राधान्य. मग तीन किलोमीटरपर्यंत. म्हणजे इथेही पत्ता आला. अर्ज भरताना नकाशावर घराची जागा दाखवायची. भाडेकरू असाल तर नोंदणीकृत भाडेकरार जोडायचा. झोपडपट्टीत तोंडी व्यवहारावर राहणाऱ्याने हा कागद कोठून आणावा? तरीही या मार्गाने पुष्कळ मुले आत गेली. मग ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने अधिसूचना काढली : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेवर या २५ टक्क्यांचे बंधन नाही. शहरात अशी सरकारी किंवा अनुदानित शाळा नाही अशी जागा शोधून सापडणार नाही. ज्या शेजाराच्या तत्त्वाने गरिबाचे मूल आत येणार होते त्याच तत्त्वाने त्याला बाहेर ठेवण्याची ही युक्ती होती. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द केली. पण सहा महिन्यांत ती सुचावी आणि छापली जावी, यावरून तिची मागणी कोठून येत असेल ते कळते.

(कागदांचाच विषय निघाला म्हणून एक नोंद. अनुसूचित जातीचा दाखला काढताना आपल्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात, आणि तो बहुधा आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदीत शोधावा लागतो. ज्याला शाळेत घेतले नाही त्याच्या शाळेचा दाखला! घर आणि शाळा यांचे आपल्याशी असलेले नाते असे सरकारी रजिस्टरातही गुंतलेले आहे.)

असा सारा अडथळा ओलांडून घर घेतले, शाळा मिळाली, पुढे? याबद्दल आपल्या साहित्यात थोडे पण मोलाचे लिहिले गेले आहे. अर्जुन डांगळे यांच्या 'प्रमोशन' या कथेत बढती मिळालेला बाप आनंदात घरी येतो आणि शेजारच्या घरी पाण्याला शिवला म्हणून मार खाल्लेले त्याचे पोर समोर उभे राहते. ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (२००३) मुलीच्या वाढदिवसाला आलेल्या मैत्रिणीला भिंतीवरचे बुद्ध-आंबेडकरांचे फोटो दिसतात आणि त्यानंतर मुलींच्या मैत्रीत जात उतरते. पुरुष आत्मकथनकारांनी जे सहसा वगळले ते इथे एका बाईने लिहिले आहे, याचे आश्चर्य वाटायला नको. घराचे दार कोण उघडते, डबा कोण भरते, शाळेच्या फाटकाशी इतर आयांबरोबर कोण उभे राहते? जात फाटकाशी आधी कळते, ऑफिसात नंतर.

वस्ती सोडून गेलेल्यांवर 'दलित ब्राह्मण' असा शिक्का मारण्याची सवय आपल्या चळवळीत जुनी आहे. व्यासपीठावरून हा शब्द टाळी मिळवून देतो. ज्या बापाने मुलासाठी घर बदलले त्याने व्यवस्थेशी तडजोड केली, असे म्हणणाऱ्याने आधी आपली मुले कोणत्या शाळेत आहेत ते सांगावे. सुभेदार रामजी मुलांना मुंबईत घेऊन आले ती तडजोड नव्हती. मात्र दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. वस्तीतल्या महापालिकेच्या शाळेत पालकसभेला येऊन, मास्तर का नाही म्हणून भांडणारा, अर्ज लिहू शकणारा माणूस हाच नेमका ब्लॉक घेऊन गेलेला असतो. त्याच्या जाण्याने एका कुटुंबाला शाळा मिळते आणि दोनशे कुटुंबांच्या शाळेतला एक आवाज जातो. वसतिगृह ही सर्वांची सोय होती, ब्लॉक एकट्याची. या हिशोबात जाणाऱ्याला दोष देऊन भागत नाही, आणि त्याला निर्दोष ठरवूनही भागत नाही. ललित लेखनाने करण्याचे काम इथेच आहे, कारण ठरावांना ही अडचण पेलत नाही.

हॅन्सबेरीने ती पेलली होती. तिच्या नाटकात मिसेस जॉन्सन नावाची शेजारीण आहे. यंगर कुटुंब घर बदलणार हे कळल्यावर ती येते, गोऱ्यांच्या वस्तीत कृष्णवर्णीयांच्या घरावर बॉम्ब पडल्याची बातमी दाखवते, शिक्षणाने माणसे शेफारतात असे सुचवते. ती मत्सरी आहे, लुडबुडी आहे, आणि ती मागे राहणार आहे. मूळ प्रयोगात तिचा प्रवेश गाळला गेला. छापील नाटकात तो नंतर आला. त्यामुळे १९५९ च्या प्रेक्षकाला जाणारे कुटुंब दिसले, मागे राहणारी बाई दिसली नाही. आपल्या आत्मकथनांत तर ती लिहिलीच गेलेली नाही. सामान टेम्पोत चढत असताना दारात उभी राहून 'आता आम्हाला कशाला ओळख देशील बाई' म्हणणारी, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या नातीला बोट धरून त्याच महापालिकेच्या शाळेत सोडायला जाणारी.